मुकादम, तहसीलदार, शायर आणि आत्या

दोन वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर एक लेख लिहिला. तो अजून तिथेच आहे. लोक अजून तो वाचतात, आणि अधूनमधून कोणीतरी अनोळखी माणूस खाली ‘खूप उपयोग झाला, सर’ असं लिहून जातो. तसं कोणी लिहिलं की मला सकाळचा चहा नकोसा होतो. लेख काढून टाकायची हिंमत होत नाही, कारण माझ्या नावावर तेवढा एकच लेख आहे.

विषय सांगतो, जांभई आली तर देऊन घ्या. प्रोग्राम लिहून झाला म्हणजे तो चालायला लागला असं होत नाही. त्याचे तुकडे ठरावीक क्रमानं जोडावे लागतात. शिवाय हल्ली कोणीच सगळं स्वतः लिहीत नाही. जगभर लोकांनी लिहून फुकट ठेवलेला माल इंटरनेटवरच्या कोठारांतून आणायचा आणि आपल्या प्रोग्रामात घालायचा, अशी रीत आहे. माल आणणं आणि जोडणं ही हमाली करायला साधनं असतात, तीही फुकट. त्यातलं कुठलं चांगलं, यावर माझा लेख होता. तीन साधनं, त्यांची तुलना, शेवटी एक तक्ता आणि दहापैकी गुण. शाळेत मला कधी कोणी दहापैकी सात दिले नाहीत, म्हणून असेल, पण दुसऱ्याला गुण द्यायला बसलो की माझा हात फार सैल सुटतो.

त्या साधनांची खरी नावं सांगत नाही. त्यांचे भक्त फार चिडके असतात. मी घरात ठेवलेली नावं सांगतो.

सगळ्यात जुनं, तो मुकादम. याला स्वतःची अक्कल नाही. ही फाइल उचल, तिथे ठेव, आता हे त्याला जोड, असं एकेक सांगावं लागतं. सांगितलं तेवढंच करतो आणि बाजारात जात नाही. लागणारा सगळा माल आपणच आणून त्याच्या पुढ्यात ठेवायचा.

दुसरा तहसीलदार. याच्याकडे प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आणि प्रत्येक गोष्टीचा फॉर्म. कंस उघडा, कंस मिटा, मध्ये एक शब्द, पुन्हा कंस. पाच शब्दांचं काम सांगायला दोन पानं. एक कंस मिटायचा राहिला की दरखास्त नामंजूर. पण बाजारात स्वतः जातो. फक्त त्याला एक वस्तू आणायला सांगितली की तो त्या वस्तूला लागणाऱ्या वस्तू आणतो, त्यांना लागणाऱ्या वस्तू आणतो, आणि लग्नाच्या वऱ्हाडासारखं सगळं दारात उभं करतो.

तिसरा शायर. नवा, देखणा, मोजकं बोलणारा. याला फॉर्म लागत नाही. मनाला येईल तसं लिहा, तो समजून घेतो. काल समजून घेतलेलं आज समजेलच असं नाही. मूड नसला की शंभर ओळींचं रडगाणं पडद्यावर टाकतो, त्यात खरं कारण ब्याऐंशीव्या ओळीत असतं.

तहसीलदारानं आणलेल्या वऱ्हाडाचं फोल्डर मी एकदा कुतूहलानं उघडलं होतं. मोरीची जाळी उचलून केसांचा गुंता ओढावा आणि तो संपूच नये, येतच राहावा, तसं वाटलं. मला फक्त तारखेवरून वार काढायचा होता. त्या एका कामासाठी माझ्या घरात रंगांच्या छटा मोजणारं एक, ईमेल पाठवणारं एक आणि कोणाचे तरी जुने पासवर्ड विसरायला मदत करणारं एक अशी परकी माणसं शिरून बसली होती. कोणी लिहिलंय, कोण सांभाळतं, काही पत्ता नाही. झाकण पुन्हा लावलं आणि हात धुऊन आलो. खरोखर धुतले.

आता या सगळ्यात आत्या कुठे आली ते सांगतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवून निवृत्त झालेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आमच्याच घरी खालच्या मजल्यावर राहते. दर गुरुवारी दुपारी चार वाजता जामबागेतल्या एका शाळेच्या मागच्या खोलीत ती आणि आणखी बारा मराठी बायका जमतात. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. मुलं तेलुगूत बोलतात, नातवंडं इंग्रजीत, भाजीवाल्याशी उर्दू. मराठी ऐकायची म्हणून या बायका येतात. एक जण कादंबरी मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात, मध्ये चिवडा. वाचणारी आत्या. खोलीतल्या सगळ्या तिला बाई म्हणतात, काही जणी तर तिच्याहून मोठ्या असून.

लेखाच्या दीड वर्ष आधी आत्याच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग बसला. कडेनं दिसायचं, समोरचं अक्षर दिसेना. डॉक्टर म्हणाले आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. आत्यानं ही गोष्ट घरात मला एकट्याला सांगितली, आणि वर सांगितलं की जामबागेत कळता कामा नये.

कारण तिला माहीत होतं पुढे काय होतं. तिच्या आधी ज्या बाई वाचायच्या, त्यांचेही डोळेच गेले होते. तेव्हा आत्यानंच पुढाकार घेऊन, फार प्रेमानं, त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं होतं. आता तुम्ही दमू नका, आम्ही वाचतो, तुम्ही ऐका. एक शाल दिली, हाताची खुर्ची दिली, पुढच्या रांगेत बसवलं. त्यानंतर त्या बाई वर्षभर येत राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मग यायच्या थांबल्या. आत्या ते विसरली नव्हती. ‘शाल’ हा शब्द आमच्या दोघांत तेव्हापासून एखाद्या रोगाच्या नावासारखा वापरला जातो.

तर मी तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा; प्रोग्राम त्यातली अक्षरं ओळखतो आणि मराठीत वाचून दाखवतो. अक्षरं ओळखणारा माल दुसऱ्याचा, बोलणारा माल तिसऱ्याचा, मधली गोंदाची पट्टी माझी. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही घ्या, वापरा, बदला. आत्याखेरीज कोणी घेतला नाही, पण उघडा ठेवला होता. दर रविवारी मी गुरुवारच्या पंचवीस पानांचे फोटो काढायचो. गुरुवारी आत्या मांडीवर फोन, फोनवर उघडं पुस्तक, आणि कानात मोत्याएवढं बिनतारी बटण घालून बसायची, त्यावर केस ओढलेले. कोणी पाहिलंच तर ऐकायचं यंत्र समजावं. बहिरेपणाची आत्याला लाज नव्हती. अंगठ्यानं एकदा टिचकी मारली की पुढचं वाक्य. वाक्य कानात अर्धं असतानाच ती ते तोंडानं सुरू करायची, म्हणजे मध्ये अंतर पडत नसे. पानंही वेळेवर उलटायची. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिताना मागे कोण बोलतंय ते ओळखणारी बाई; तिला हे अवघड नव्हतं.

मी मागे दाराजवळ बसून हे नाटक बघायचो आणि चिवडा खायचो. फार अभिमान वाटायचा. तिथेच माझी चूक झाली. मला आत्याचा अभिमान वाटायला हवा होता, मला माझ्या प्रोग्रामचा वाटायचा.

प्रोग्राम पहिल्यांदा जोडला तेव्हा मुकादमाकडून जोडला होता, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. मग ऑफिसात सगळे हसले म्हणून तहसीलदाराकडे नेला. आणि मग लेख लिहायला घेतला. आता तुलना करायची तर स्वतः करून बघितलेली बरी, म्हणून माझाच प्रोग्राम तिसऱ्यांदा शायराकडे नेला. तहसीलदाराच्या चार पानांच्या फॉर्मच्या जागी अकरा ओळी. इतकं सुटसुटीत की मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, आधीही चालत होतं ना? मी म्हटलं, तुला कळणार नाही.

त्या अकरा ओळींत कुठला माल आणायचा ते लिहावं लागतं आणि त्याचा आवृत्तीक्रमांकही. क्रमांक शोधायचा कंटाळा. शायराकडे त्याचीही सोय होती: क्रमांकाच्या जागी अधिकचं चिन्ह ठेवायचं, म्हणजे बाजारात जे सगळ्यात नवं असेल ते तो आणतो. मी तीन ठिकाणी अधिक ठेवलं. लेखात त्याची स्तुती करणारा एक परिच्छेदही लिहिला.

खरं तर हा धडा मी आधी एकदा गिरवला होता. चोविसाव्या वर्षी आत्यानं मला काळ्या मसाल्याचं सामान आणायला बेगम बाजारात पाठवलं होतं. तिची यादी वर्षानुवर्षं तीच, आणि यादीत जिन्नसापुढे दुकानही लिहिलेलं: धणे या दुकानातले, मिरची त्या, दगडफूल मशिदीच्या बाजूच्या गल्लीत तिसरं दुकान, काळसर, पिवळट असलं तर घेऊ नये. मला उन्हात फिरायचा कंटाळा. पहिल्याच दुकानात सगळं घेतलं. दगडफूल पिवळट होतं. दुकानदार म्हणाला, नया माल है साहब, आजच उतरा. नवं म्हणजे चांगलंच असणार. तो मसाला कुटून आला तेव्हा त्याला ओल्या पायपुसण्याचा वास होता. आत्यानं तो फेकला नाही. वर्षभर आम्हाला त्याचंच कालवण घातलं, आणि प्रत्येक वेळी वाढताना माझ्याकडे नुसतं बघितलं. तो वास आजही माझ्या नाकात आहे. तरी मी तीन ठिकाणी अधिक ठेवलं.

लेख लिहून झाला. शायराला नऊ, तहसीलदाराला सहा, मुकादमाला दोन. मुकादमाचे गुण कापायचं मुख्य कारण मी असं दिलं की तो घरातच माल साठवायला लावतो, आणि आजच्या काळात ही सवय मागास आहे. मग नव्यानं जोडलेला प्रोग्राम मोठ्या थाटात प्रसिद्ध केला. तो बुधवार होता. आत्याच्या फोननं रात्रीतून नवी आवृत्ती आपोआप घेतली.

गुरुवारी चार वाजता खोली भरली. कादंबरीत ऐन लढाईचं प्रकरण चालू होतं. आत्यानं पुस्तक उघडलं, टिचकी मारली, आणि तिच्या त्या खणखणीत शाळेच्या आवाजात म्हणाली:

“अवतरण चिन्ह सुरू.”

मी चिवड्याचा घास तसाच धरून बसलो. तिचं तोंड कानामागे धावत होतं, ते थांबायला वेळ लागला.

“थांबा स्वल्पविराम सरदार स्वल्पविराम घोडा पुढे नेऊ नका उद्गारचिन्ह.”

मग ती थांबली. बोलणाऱ्या मालाची नवी आवृत्ती आली होती, आणि त्यात विरामचिन्हंही मोठ्यानं वाचायची असा कोणीतरी, कुठेतरी, नवा रिवाज पाडला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की हे मी केलंय.

पुढच्या रांगेत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई बसायच्या. त्यांना आम्ही घरी टेलिफोनबाई म्हणतो. त्यांना आधीपासून संशय होता की काय कोण जाणे, कारण कुठलं पान चाललंय असं त्या अधूनमधून उगाच विचारायच्या. त्या म्हणाल्या, “बाई, आज चिन्हंपण वाचायची का?”

आत्यानं पुस्तकावरून मान वर केली. तिला समोर फक्त धूसर आकार दिसत असणार. पण पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई.

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही बायका बोलायला लागलात की कुठे थांबायचं ते एकीलाही कळत नाही. आज शुद्धलेखन. वह्या काढा.”

सत्तरीच्या बारा बायकांनी पर्सा उघडल्या. वह्या कुठून असणार; कोणी औषधांच्या चिठ्ठीची मागची बाजू घेतली, कोणी लग्नाची पत्रिका, एकीनं माझ्याकडून चिवड्याची कागदी पिशवी मागून घेतली, तेलकट डाग टाळून लिहायला लागली. आत्यानं चाळीस मिनिटं सबंध लढाई चिन्हांसकट सांगितली. कंस सुरू, कंस पूर्ण. घोडे पडले, माणसं पडली, पूर्णविराम. मी जमिनीकडे बघत बसलो. कधीतरी मला हसू आलं आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी किळस आली की घास थुंकायला बाहेर गेलो.

गाडीतून घरी निघालो. आमचं घर नदीपलीकडे. अफझलगंजला बसच्या गर्दीत अडकलो. मुसी नदीचा वास काचा लावूनही आत येत होता. आत्या समोर बघत म्हणाली, “तू काय केलंस?”

मी सांगितलं. साधनं, लेख, गुण, सगळं. शायर कसा सुटसुटीत आहे तेही सांगितलं, कारण माणूस बुडताना हात हलवतोच. शेवटी अधिकच्या चिन्हावर आलो. नवं येईल ते घे, असं लिहून ठेवलं होतं म्हटलं.

“दगडफूल,” आत्या म्हणाली.

बस हलली, मीही गाडी हलवली. पुलावर आल्यावर ती म्हणाली, “शुद्धलेखन एकदाच घेता येतं. पुढच्या गुरुवारी परत असं झालं तर शाल येते बघ. ती टेलिफोनवाली आणेल. चांगली महागाची आणेल.”

माझ्याकडे सहा दिवस होते. रोज पहाटे ऑफिसला जाण्याआधी दोन तास बसायचो.

आधी वाटलं, सोपं आहे. अधिक खोडून जुना क्रमांक लिहू. कुठला जुना क्रमांक? अधिक ठेवल्यामुळे तो कुठे लिहिलेलाच नव्हता. मग तहसीलदाराचा जुना फॉर्म काढला. त्याच्यावर क्रमांक होता, तहसीलदार असल्या बाबतीत चोख. तो क्रमांक शायराला दिला. शायर म्हणाला ठीक, आणि पुन्हा नवाच माल घेऊन आला. शोधता शोधता कळलं की अक्षरं ओळखणाऱ्या मालालाही तोच बोलणारा माल लागतो, पण नवा. अशा वेळी, दोन नातलगांनी एकाच वस्तूच्या दोन आवृत्त्या मागितल्या की, शायर जी नवी असेल ती घेतो. तहसीलदार जो जवळचा नातलग असेल त्याचं ऐकतो, मग त्याची मागणी कितीही जुनी असो. ही खरी तुलना. माझ्या लेखात यावर एक ओळ नाही. तक्त्यात मात्र ‘दिसायला सुबक’ असा स्वतंत्र रकाना आहे.

तेव्हा शरण गेलो तहसीलदाराकडे. फॉर्म भरला, कंस मोजले, दिला. त्यानं अर्धा तास वऱ्हाड जमवलं आणि शेवटी सांगितलं की माल सापडला नाही. ज्या कोठारात ती जुनी आवृत्ती होती ते कोठारच चालवणाऱ्यांनी बंद केलं होतं. फुकट चालवत होते, कंटाळले असतील. त्यांना काय बोलणार? मीही त्यांचं आजवर फुकटच खाल्लं होतं, आणि कधी नाव विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी इंटरनेटवरच्या एका चर्चेत मदत मागितली. अकरा उत्तरं आली. पहिल्यानं विचारलं, अजून तहसीलदार वापरता? दुसरा पहिल्यावर चिडला. नंतरचे आठ जण त्या दोघांच्या भांडणात उतरले. माझ्या प्रश्नाबद्दल कोणी बोललं नाही. अकराव्यानं मला एका लेखाचा दुवा पाठवला आणि लिहिलं, असले प्रश्न विचारण्याआधी हे नीट वाचा. उघडून पाहिलं तर माझाच लेख.

मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ न्हाणीघरात तोंडावर पाणी मारत उभा राहिलो. या धंद्याचा वीट मला आधीही आला होता, पण तो दुसऱ्यांचा आलेला वीट होता. या वेळी प्रत्येक घाण पाइपाचं दुसरं टोक माझ्याच घरात निघत होतं.

मंगळवारी, दुसरं काही सुचेना म्हणून, चपलांच्या कपाटात वरच्या खणात ठेवलेली जुनी हार्ड डिस्क काढली. तिच्यावर पहिला प्रोग्राम होता, मुकादमाच्या वेळचा. आणि त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये, मला काहीच कळत नव्हतं म्हणून, लागणारा सगळा माल मी तसाच्या तसा ठेवलेला होता. सहा फाइली. तो बोलणारा मालही, जुना, चिन्हं गिळणारा. मुकादमाला म्हटलं, जोड. त्यानं पुढ्यातल्या सहा वस्तू उचलल्या, कोणाला काही विचारलं नाही, कुठे गेला नाही, आणि चहा थंड व्हायच्या आत प्रोग्राम जोडून दिला. दहापैकी दोन गुण.

आनंद व्हायला हवा होता. मला त्या सहा फाइलींकडे बघवत नव्हतं. काहीच येत नसलेल्या माणसानं जे बरोबर केलं होतं, ते मी शिकून शिकून, तक्ते काढून, मोडलं होतं.

बुधवारी संध्याकाळी आत्याच्या फोनवर ते घातलं, आपोआप नवं घेण्याची सोय बंद केली, आणि तिला एक पान ऐकवलं. एकही स्वल्पविराम आला नाही. आत्या शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “पुन्हा होईल?”

“हे नाही होणार.”

“म्हणजे दुसरं होईल.”

आमच्या धंद्यात या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे, म्हणून मी चार्जरची वायर गुंडाळायला घेतली. आत्यानं कानातलं बटण काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, हे सांभाळ.

गुरुवारी जामबागेत ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

“माझे डोळे गेलेत,” ती म्हणाली. “दीड वर्ष झालं. हे यंत्र वाचतं आणि मी तुम्हाला सांगते. मागच्या गुरुवारी ते बिघडलं होतं. शुद्धलेखन वगैरे काही नव्हतं. कोणाला शाल द्यायची असेल तर आत्ता द्या, माझ्यामागे ठरवू नका.”

मी दाराजवळ उभाच होतो. तिला घरी न्यायची वेळ आली तर किल्ली हातात असावी म्हणून धरून ठेवली होती.

टेलिफोनबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. “शाल नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “आधी ते काय म्हणतं ते ऐकवा. आवाज मोठा करा.”

आत्यानं टिचकी मारली. माझा प्रोग्राम पहिल्यांदाच चारचौघांत बोलला. लढाई संपून सरदाराची आई रणांगणावर मुलाला शोधत होती. यंत्रानं ते गॅसच्या नंबरावर आपली तक्रार नोंदवून घ्यावी तशा आवाजात सांगितलं. अर्ध्या पानानंतर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, ही काय मय्यतीची बातमी आहे का. दुसरीनं विचारलं, याला हल्लू बोलता येतं का. टेलिफोनबाईंनी हात वर केला.

“मी तीस वर्षं लोकांना सगळ्या लाइनी व्यस्त आहेत म्हणून सांगितलं,” त्या म्हणाल्या, “पण इतकं रटाळ नाही सांगितलं. बाई, हे तुमच्या कानात जाऊ दे. तुम्ही म्हणा. आई अशी शोधते होय मुलाला?”

मी बटण आत्याला नेऊन दिलं. तिनं ते या वेळी केस मागे सारून घातलं. टिचकी मारली, ऐकलं, आणि त्या आईला घेऊन रणांगणावर गेली. आता वाक्य अर्धं असताना धावायची गरज नव्हती. आधी पूर्ण ऐकायची, क्षणभर थांबायची, मग म्हणायची. त्या थांबण्यात खोलीत कोणी चिवडाही चावत नव्हतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. शुद्धलेखनाची बायकांना चटक लागली. मागच्या आठवड्याचे कागद तपासून हवे होते. पत्रिका, चिठ्ठ्या, चिवड्याची पिशवी, सगळं एका हातातून दुसऱ्या हातात जात शेवटी टेलिफोनबाईंकडे गेलं, कारण तपासायला डोळे लागतात. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. आत्याला ते दिसलं नसेल, पण टोपण निघाल्याचा आवाज तिनं ऐकला. लाल पेनाचा आवाज तिला कळतो. तिनं मान दुसरीकडे वळवली आणि पुढची टिचकी मारली.

माझं म्हणाल तर बारा बायकांना आता तो प्रोग्राम आपापल्या फोनवर हवाय. बारा फोन, बारा वयांचे, एकावर सुनेचा पासवर्ड, एकावर नातवाचे खेळ इतके की जागा नाही, एक फोन उघडला तर आतून हळद पडली. प्रत्येकीच्या फोनवर काहीतरी वेगळं मोडतं. दर गुरुवारी मी दाराजवळ बसून परक्यांच्या फोनमधली जाळी उपसतो. आत्यानं एक नियम घालून दिलाय: नवं काही घालायचं असेल तर आधी तिच्या फोनवर, आणि तेही महिनाभर चालल्यावर इतरांना. क्रमांक तोंडपाठ करून तिला सांगायचा. सहाही मालांचे क्रमांक तिला पाठ आहेत. कोठार बंद झालेला कुठला, तेही.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा संदेश आला. त्यानं माझा लेख वाचला होता, मग माझा प्रोग्राम उघडून पाहिला होता, आणि त्याला धक्का बसला होता. नऊ गुण शायराला देणारा माणूस स्वतः मुकादम वापरतो? वर घरात माल साठवतो? त्यानं मोठ्या मनानं लिहिलं होतं की सर, सगळं नव्यानं लिहून देतो, फक्त सात ओळी होतील.

मला तिथल्या तिथे नको म्हणायला हवं होतं. मी ते दोनदा वाचलं. त्याच्या सात ओळीही उघडून बघितल्या. फार सुबक होत्या. पायपुसण्याचा तो वास नाकात येईपर्यंत मी त्या बघत बसलो होतो.

मग उत्तर लिहिलं: आत्याला विचारून सांगतो.